दोघांमधली जागा

धानाची कापणी-मळणी आटोपली की नागभीड, सिंदेवाही भागातले अनेक मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. गेलेल्यांपैकी एखाद्याचा फोन दोन दिवस लागत नाही. मागे राहिलेल्या एका मुलीला वाटतं, रेंज नसेल. दुसरीला वाटतं, आता त्याला माझी गरज उरली नाही. न लागलेला फोन सारखाच, अर्थ मात्र वेगळा, आणि नात्यातलं समाधान बरंचसं या अर्थावर ठरतं. हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली मांडलं की आईबापांशी जुळलेल्या अटॅचमेंटचे नमुने प्रौढांच्या प्रेमातही दिसतात. तेव्हापासून ‘हिचा स्वभावच असुरक्षित’ हे निदान आपल्या तोंडी बसलं आहे. ते खोटं नाही, पण तिथेच थांबणं चूक आहे.

सामंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ४३ अभ्यासांतली ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र तपासली. अभ्यासाच्या सुरुवातीला समाधानातल्या फरकाचा ४५ टक्क्यांपर्यंतचा भाग नात्याबद्दलच्या जाणिवांवरून सांगता आला. व्यक्तीच्या स्वतःच्या गुणांवरून २१ टक्क्यांपर्यंतच. जोडीदार खरोखर बांधील आहे असं वाटणं, आपली कदर होणं, शरीरसंबंधातलं समाधान, भांडणांचं प्रमाण या गोष्टी वरच्या ठरल्या. नैराश्य आणि अटॅचमेंटमधली असुरक्षितता यांनाही वजन आहेच. पण समाधान एकेकट्या स्वभावापेक्षा दोघांमधल्या जागेत जास्त घडतं.

आपल्याकडे ती जागाच अपुरी आहे. जात वेगळी, पोलीस भरतीचा निकाल बाकी, घरी सांगायची सोय नाही आणि बसस्टँडवर प्रत्येक जण ओळखीचा. पाच मिनिटांच्या चोरट्या भेटीत रुसवा मांडायचा कधी आणि काढायचा कधी? घरच्यांच्या विरोधाने प्रेम वाढतं, असं १९७२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. २०१४ साली तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं आढळलं नाही, उलट आप्तांच्या पसंतीची साथ असलेली नाती अधिक चांगली दिसली. लपवलेल्या नात्यात बांधिलकी कमी आढळते, हे संशोधक लेहमिलर यांनी २००९ मध्ये दाखवलं. म्हणून त्या दुसऱ्या मुलीच्या संशयाला स्वभावदोष म्हणण्याआधी तो लपवाछपवीतून आला आहे का, हे पाहायला हवं.

हे संशोधन मुख्यतः पाश्चात्त्य देशांतलं आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यातले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. प्रश्न मात्र घ्यावेत. दुसरा आक्षेप असा की समुपदेशनात प्रेमाबद्दल असं उघड बोललं तर पोरं बिघडतील. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ उपक्रमातून तरुणांशी प्रेम आणि लैंगिकतेबद्दल उघड बोलण्याची वाट कधीच घालून दिली आहे. सज्ञान व्यक्तींचा जोडीदार निवडण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठामपणे मान्य केला. शिवाय नातं टिकवणं हे समुपदेशकाचं काम नाही. मारहाण वा धाक असेल तर आधी सुरक्षितता. म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलणं टाळू नये.

समुपदेशक मित्रांनो, पुढच्या भेटीत स्वभावचाचणीचा कागद थोडा उशिरा काढा. आधी विचारा: तुम्ही दोघं निवांत कुठे बोलता? आणि तुमच्याबद्दल घरातल्या एका तरी माणसाला माहीत आहे का?