आधी चप्पल, मग पॅड

कापूस वेचणी सुरू झाली की माझ्या दुकानात टाच दुखणाऱ्या बायकांची रीघ लागते. शेवगावात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. बोधेगाव, घोटण, ढोरजळगावहून आलेल्या मावशी एकच गोष्ट सांगतात: "भाऊ, सकाळी उठलं की पाय टेकवत नाही. चार पावलं चालले की जरा मोकळं होतं." आणि लगेच दुसरं वाक्य, "ते जेलचं पॅड द्या."

पॅड काढण्याआधी मी त्यांच्या पायातली चप्पल मागून घेतो. बहुतेक वेळा ती अंगठ्याची रबरी चप्पल असते. टाचेखाली झिजून पार पातळ झालेली, पट्टे सैल पडलेले, दोन बोटांनी वाकवली तर टाच पुढच्या टोकाला लागते. अशा चपलेत पॅड टिकतच नाही. घामाने सरकतं, टाच बाहेर येते, आणि मावशींना वाटतं पॅडच वाईट निघालं. पॅडला मागून धरणारं, थोडं खोल पादत्राण लागतं. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की पैसे मोजकेच असतील तर ते आधी चपलेवर घालावेत. मागे पट्टा, टाचेखाली जाड पण घट्ट सोल, आणि वाकवल्यावर मधोमध नव्हे तर बोटांच्या मुळाशी वाकणारी. हाताला फार मऊ लागते ती चप्पल महिन्याभरात बसते.

घरातले तास कुणी विचारात घेत नाही. पहाटेपासून ओट्यापाशी, चुलीपाशी, गोठ्यात बाई अनवाणी उभी असते, तीही फरशीवर किंवा कोब्यावर. बुटात कितीही भारी पॅड घातलं तरी त्या तासांचं काय? स्वयंपाकघरात चप्पल नको, ही भावना मला कळते. माझ्याही घरी तेच आहे. त्यावर उपाय म्हणजे घरापुरती वेगळी, धुतलेली चप्पल ठेवायची, जी उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

आता पॅड घ्यायचंच असेल तर. ज्या बुटात घालायचं तो बूट सोबत आणावा. आतला मूळ सोल निघत असेल तर काढून मग पॅड बसवावं, नाहीतर टाच वर उचलली जाते आणि बूट चावतो. कमानीचा उंचवटा तळव्याच्या पोकळीखालीच यायला हवा. पुढे सरकला तर नवंच दुखणं लागतं. माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय सुजतात. उभं राहून, दुकानात चालून बघावं.

पायाचा साचा घेऊन बनवलेलं महागडं पॅडच घ्या, असं सांगणारे बरेच भेटतात. साध्या टाचदुखीत त्याची घाई नको. ऑस्ट्रेलियात 135 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात तयार पॅड आणि साच्याचं पॅड यांत फारसा फरक दिसला नाही. दोन्हींचा तीन महिन्यांनी चालण्या-वावरण्यात थोडा फायदा होता, वर्षाने तोही उरला नाही. त्यामुळे आधी साधं पॅड आणि जोडीला रोज पोटरी ताणण्याचा व्यायाम. एक्स-रेत "हाड वाढलंय" दिसलं म्हणूनही घाबरू नये. असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं.

लहान मुलांच्या सपाट पावलांसाठी पॅड मागणाऱ्या आईबापांना मी बहुधा परत पाठवतो. कर्नाटकात 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते, तो अहवाल 1992 चा. सपाट पावलं बूट घालणाऱ्यांत 8.6 टक्के निघाली, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8. दुखत नसेल तर पोराला मातीत खेळू द्यावं. दुखत असेल, पाऊल ताठ असेल, तर डॉक्टर.

एका गिऱ्हाइकाला मात्र मी पॅड विकतच नाही. साखरेचा आजार असलेले एक मामा चप्पल बदलायला आले होते. जुनी उलटी केली तर बाभळीचा काटा सोलातून आरपार, आणि तळव्याला वाळलेलं रक्त. मामांना पत्ताच नव्हता. बधिर पायात चुकीचं पॅड घातलं तर जखम होते आणि ती कळत नाही; पुढे बोट, पाय जातो. त्यांना हवी सच्छिद्र मऊ रबराची, खिळे नसलेली, मागे पट्ट्याची एमसीआर चप्पल. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना सरकार ती मोफत देतं, आणि ते योग्यच आहे. मग साखरेने पाय बधिर झालेल्यालाही त्याच हक्काने ती का मिळू नये? रक्तातली साखर तपासायला माणूस ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य केंद्रात येतोच. त्याच वेळी त्याची चप्पल काढायला लावून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून बघायला दोन-तीन मिनिटं लागतात. ज्याला स्पर्श कळत नाही, त्याच्या पायाचं माप तिथेच लिहून घ्यावं आणि गोळ्यांसोबत चप्पलही द्यावी. आमच्या जिल्हा परिषदेने त्यासाठी पैसे बाजूला काढावेत, आणि येत्या वेचणीच्या आत काढावेत.