वेतन कीं कृपा ?

नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबरपासून तेथून विमानांची नियमित ये-जा सुरू झाली. तेव्हांपासून आमच्या नेरूळ-पनवेलकडील घरांतून संध्याकाळच्या चहाला नवाच विषय लाभला आहे. कोणाचा पुतण्या तेथें चिकटतो आहे, कोणाची भाची मुलाखतीस जावयाची आहे. मुलें मिळवतीं होत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र नेमणुकीचे पेढे वाटतांना वडील मंडळींनीं एका बुडालेल्या विमान कंपनीची हकीकतही मुलांच्या कानांवर घालावी, असें माझ्या शिक्षकी मनाला वाटतें.

श्री. विजय मल्ल्या यांनीं मे २००५ मध्यें ‘किंगफिशर एअरलाइन्स’ सुरू केली. मद्याच्या वडिलोपार्जित व्यवसायांतून आलेलें ऐश्वर्य, राजेशाही राहणी आणि समोरच्यास आपलासा करणारी वाणी, असा हा पुरुष. त्यांच्या विमानांत उतारूस प्रवासी म्हणावयाचें नाहीं, पाहुणा म्हणावयाचें, असा दंडक होता. मालक स्वतः चित्रफितींतून पाहुण्यांचें स्वागत करीत. जणूं काय त्यांच्या दिवाणखान्यांतच आपण येऊन बसलों आहों! सेवकवर्ग आपण जातीनें निवडला आहे, असेंही ते सांगत. हें ऐकणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीस आपण नोकर नसून घरचेंच माणूस आहों असें वाटलें, तर नवल कसलें ?

या कंपनीस नफा कधींच झाला नाहीं. २०१२ सालीं पगार महिनोन्‌महिने थकले. ऑक्टोबरच्या आरंभीं दिल्लीस एका कर्मचाऱ्याच्या पत्नीनें आत्महत्या केली. पतीचा पगार कित्येक महिने आला नव्हता. २० ऑक्टोबर रोजीं कंपनीचा परवाना स्थगित झाला. आणि १८ डिसेंबर रोजीं, आपल्या सत्तावन्नाव्या वाढदिवशीं, मालकांनीं तिरुपतीच्या बालाजीस तीन किलो सोनें वाहिल्याचें वृत्त वर्तमानपत्रांतून झळकलें. मनूनें राजसभेपुढें यावयाच्या वादांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ऋणाबरोबर ‘वेतनादान’, म्हणजे सेवकाचें वेतन न देणें, हाही एक आहे. थकलेलें वेतन हें धन्याच्या तिजोरींत पडून राहिलेलें परक्याचें द्रव्य होय. तें तसेंच ठेवून केलेल्या दानाचें पुण्य कोणाच्या खातीं जमा होतें, हें देवाच्या कारकुनांनाच ठाऊक !

याहून बोचणारी गोष्ट निराळीच होती. पगारांतून आयकर कापला जाई, पण कापलेला कर सरकारांत भरला जात नसे. पुढें नोटिसा आल्या त्या कर्मचाऱ्यांच्या नांवें. येथें वाचकांनीं एक टिपून ठेवावें. मालकानें कापलेला कर नोकराकडून पुनः मागतां येत नाहीं, असें १९६१ च्या आयकर कायद्याच्या २०५ व्या कलमांत होतें. मुंबई उच्च न्यायालयानें २००७ मध्यें तेंच स्पष्ट केलें, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेंही १ जून २०१५ च्या पत्रानें आपल्या अधिकाऱ्यांस तशी समज दिली. मात्र कर कापला गेला याचा पुरावा हवा, आणि तो म्हणजे पगाराचें पत्रक.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका गोडबोल्या धन्याच्या हाताखालीं होता. कंपनी लहानशी, तिचें नांव-गांव सांगण्याचें कारण नाहीं. अकरा महिने तो अर्ध्या पगारावर राबला. नोकरी सुटल्यावर मला भेटावयास आला, तेव्हां पैशाची गोष्ट त्यानें काढलीच नाहीं. “सर, माझ्या बहिणीच्या लग्नांत त्यांनीं स्वतः पंक्तींत वाढलें हो !” एवढेंच तो पुनःपुनः म्हणे. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, ओशाळेपणा होता. हक्काच्या पगाराची धन्यानें अशी कांहीं कृपा करून टाकली होती कीं, तो मागणें म्हणजे जेवल्या ताटांत खोट काढणें, असें त्या मुलाला वाटे.

असले धनी कंपनीस ‘कुटुंब’ म्हणतात, तें उगाच नव्हे. आपल्या घरांतून भाऊ भावाकडे हिशेब मागत नाहीं. मागितला तर चारचौघांत बरें दिसत नाहीं. ही आपली चांगली सवयच येथें आपल्यावर उलटविली जाते. पण एकत्र कुटुंबांत वाईट दिवस आले म्हणजे कर्ता पुरुषही पिठलें-भाकरीच खातो. ज्या कुटुंबांत नोकरांच्या चुली थंडावतात आणि मालकाच्या मेजवान्या चालूच राहतात, त्याला निराळें नांव शोधावें.

अशा मुलाचें सावरणें घरांतूनच सुरू व्हावें लागतें. ‘एवढा शिकलेला तूं, तुला कळलें कसें नाहीं ?’ हा प्रश्न कोणींही विचारूं नये. मामांनीं तर मुळींच नाहीं. किंगफिशरच्या पायीं सतरा बँकांचे, व्याज धरून, नऊ हजार कोटींवर रुपये अडकले. तेथें बसलेल्या निष्णात मंडळींस जें उमगलें नाहीं, तें आपल्या बंडूस उमगावें, अशी अपेक्षा कां? त्याच्या हातीं एक वही द्यावी. नेमणुकीचें पत्र, पगाराचीं पत्रकें, बँकेचें व भविष्य निर्वाह निधीचें पासबुक समोर घेऊन महिनावार लिहावें : कबूल किती, मिळाले किती. निधीची वर्गणी पगारांतून कापून ती न भरणें, हा तर फौजदारी विश्वासघात आहे. माझ्या विद्यार्थ्यानें माझ्या ओटीवर बसून ही बेरीज केली. आंकडा दोन लाखांच्या वर गेला, तेव्हां तो प्रथमच संतापला. मला फार बरें वाटलें. पुढें कित्येक दिवस त्याला झोंप येत नसे. नव्या नोकरींत वरिष्ठांनीं चहा विचारला तरी तो दचके. झोंप अगदींच उडाली, तर ‘टेली-मानस’ ही सरकारी सोय आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतून बोलतां येतें.

श्री. मल्ल्या २ मार्च २०१६ रोजीं देश सोडून गेले. ५ जानेवारी २०१९ रोजीं मुंबईच्या विशेष न्यायालयानें त्यांस फरारी आर्थिक गुन्हेगार ठरविलें. विलेपार्ल्याचें ‘किंगफिशर हाऊस’ कित्येक लिलाव फसल्यावर २०२१ मध्यें ५२ कोटींस विकलें गेलें. आणि कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांसाठीं सुमारें ३१२ कोटी रुपये मोकळे करण्याचा आदेश निघाला तो डिसेंबर २०२५ मध्यें, तेरा वर्षांनीं ! तेरा वर्षांत भाड्याच्या जागा सुटतात, मुलांचीं लग्नें होतात, कपाटें बदलतात. इतक्या उलथापालथींतून जुनीं पगारपत्रकें ज्या घरांत शिल्लक राहिलीं असतील, तेथें तीं बहुधा आईनेंच लोखंडी ट्रंकेच्या तळाशीं, शालूच्या घडीखालीं ठेवलेलीं असतील.