मडके वर्गात आणा

राजा नळ द्यूतात राज्य हरला, हे सर्वांना ठाऊक असते. तो त्यातून सुटला कसा, हे फारसे कुणी सांगत नाही. वनपर्वातल्या कथेत ऋतुपर्ण राजा वाटेवरच्या बेहड्याची पाने-फळे किती, ते नुसत्या नजरेने सांगतो. नळाला ते पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे स्वतः मोजतो. हिशेब बरोबर निघतो. मग ऋतुपर्णाकडून त्याला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, मिळते आणि कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. पुढे नळ पुन्हा डाव मांडून राज्य जिंकतो. तो भाग अनुकरणाचा नव्हे. मोजण्याचा भाग मात्र आहे.

जुगार रोखण्यासाठी आपण मात्र बंदी आणि उपदेश यांवरच विसंबून राहिलो. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887चा. तो असतानाच 1960च्या दशकात गिरणगावात मटका फोफावला. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारे आकडे पुढे पत्त्यांवर लागू लागले आणि ‘ओपन’, ‘क्लोज’ हे शब्द खेडोपाडी पोचले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ती हवीच होती. पण ‘पंजा आठ दिवस आला नाही, आज येणारच’ ही समजूत कोणत्याही कलमाने पुसली जात नाही.

ती वर्गात पुसता येते. एका मडक्यात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या टाका. चाळीस मुलांना प्रत्येकी पन्नास चिंचोके द्या. दर डावाला एक चिंचोका लावायचा, काढलेली चिठ्ठी परत मडक्यात टाकायची. आकडा लागला तर नऊ मिळतील. मटक्याचा रूढ भाव साधारण हाच आहे. आणखी एका मुलाला खाईवाल, म्हणजे डाव घेणारा, करा आणि प्रत्येक डाव फळ्यावर मांडा. पन्नास डावांत दोन हजार चिंचोके लागतात आणि सरासरी अठराशेच परत येतात. काही मुले फायद्यात राहतील, आपल्याला आकडा ‘कळतो’ असेही सांगतील. खरा पाठ इथेच सुरू होतो. त्यांना थांबवू नका, पुढचे डाव खेळू द्या. डाव वाढतील तसे फायद्यातले हात कमी होत जातात. आठ डाव न आलेला पंजा नवव्या डावालाही दहांत एकदाच येण्याची शक्यता असते, हे फळ्यावरच्या नोंदींतून मुले स्वतः शोधून काढतात. शेवटी खाईवालाची जागा बदला. त्या जागेवर बसणाऱ्याला नशीब लागत नाही, हे एकदा तिथे बसल्यावरच कळते.

एवढ्याने सवय सुटेल, असा आमचा दावा नाही. कॅनडातल्या विल्यम्स आणि कॉनोली या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिले, की जुगाराचे गणित शिकलेल्या विद्यार्थ्यांना शक्यता अचूक काढता येऊ लागल्या, पण सहा महिन्यांनंतरही त्यांचे खेळणे कमी झाले नव्हते. विल्यम्स तिथे थांबले नाहीत. त्यांच्या गटाने अल्बर्टातल्या हायस्कुलांत पाच-सहा तासांचा कृतिपाठ चालवला. गणिताबरोबर खोट्या समजुती, व्यसनाची लक्षणे आणि निर्णय कसा घ्यावा याचा सराव त्यात होता. तेव्हा मात्र मुलांचे खेळण्याचे प्रमाण घटले. म्हणून मडक्याच्या जोडीला मित्राने आग्रह केल्यावर नाही कसे म्हणायचे, हेही वर्गात करून पाहिले पाहिजे. आणि ज्याच्या घरात आधीच कर्ज शिरले आहे, त्याला चिंचोके पुरणार नाहीत. त्याला समुपदेशन हवे. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक शाळेच्या फलकावर असावा.

दहावीच्या गणित भाग 1 मध्ये अर्थनियोजन आणि संभाव्यता ही प्रकरणे लागोपाठ आहेत. नाणी आणि फासे तिथे कागदावरच राहतात. नमुना अवकाश लिहिला की गुण मिळतात. ज्या मुलांच्या हातात उद्या मोबाइल आणि पगार दोन्ही असणार आहेत, त्यांच्याशी हे वागणे बरे नाही. परिपत्रकाची वाट न पाहता गणिताच्या शिक्षकांनी हे प्रकरण याच वर्षी मडक्यातून शिकवावे आणि मुख्याध्यापकांनी त्यासाठी पाच तास मोकळे करून द्यावेत.