कांद्याची पट्टी कोण वाचणार?

लोणंद हें गांव वारकऱ्यांस पालखीच्या मुक्कामासाठीं ठाऊक आहे, तसेंच तें व्यापाऱ्यांस कांद्यासाठीं ठाऊक आहे. या भागांत जेथें कालव्याचें पाणी पोहोचलें तेथें ऊस उभा राहिला. जेथें विहिरीच्या चार हात पाण्यावरच भिस्त, तेथील शेतकऱ्याचा जीव कांद्यांत गुंतलेला. उसाच्या पाठीशीं निदान कायदा तरी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण हुकुमाप्रमाणें कारखान्यानें चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, आणि २००९ पासून त्यास रास्त व किफायतशीर दर ठरवून दिला जातो. तो कितपत पाळला जातो हा प्रश्न निराळा. कांद्यास मात्र असा टेकूच नाहीं. ज्या २२ पिकांस केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतें, त्यांत कांदा नाहीं. मग कांद्याचा भाव ठरवितो कोण? बाजार ठरवितो, असें शहाणे लोक सांगतात. आमचें म्हणणें असें कीं, हें अर्धेंच खरें आहे. भाव पडतो तेव्हां तो बाजार पाडतो. चढूं लागला म्हणजे मात्र दिल्लीचा हुकूम त्यास अडवितो.

हें आम्ही केवळ रागानें लिहीत नाहीं. तारखा पाहाव्या. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली, ती १५ मार्च २०२० ला उठली. सहा महिने लोटतात न लोटतात तोंच १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हां बंदी, ती वर्षअखेरपर्यंत. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनास ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, आणि ८ डिसेंबरला सरसकट बंदी! ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच आहे असें सांगितलें होतें. मुदत उलटली तरी ती उठली नाहीं. ४ मे २०२४ ला उठली, ती टनास ५५० डॉलरची अट व ४० टक्के शुल्क गळ्यांत बांधून. पुढें सप्टेंबरांत शुल्क निम्म्यावर आलें व १ एप्रिल २०२५ पासून तें गेलें. मधल्या काळांत, एप्रिल २०२४ मध्यें, गुजरातच्या दाखल्यावर २,००० टन पांढरा कांदा परदेशीं जाऊं देण्यांत आला. त्यावरून ओरड झाली, तेव्हां सहा देशांस मिळून ९९,१५० टन पाठविण्यास परवानगी असल्याचें जाहीर झालें. ज्यास बंदी म्हणतात, तिला दारें किती आणि त्यांच्या किल्ल्या कोणाच्या हातीं, हें यावरून वाचकांनींच ताडावें.

ज्यानें कांदा केला आहे त्यास या तारखांचा अर्थ सांगावयास नको. हळवा कांदा टिकत नाहीं. काढला कीं काटून गोणींत भरून बाजारांत न्यावाच लागतो. तो दिवाळीपुढें काढणीस येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत डिसेंबरची बंदी येते. गरवा कांदा उन्हाळ्यांत निघतो व चाळींत चार-पांच महिने राहतो. पण ज्याच्याजवळ चाळ नाहीं आणि सोसायटीचें कर्ज मार्चअखेर भरावयाचें आहे, त्यानें वाट कशाच्या बळावर पाहावी? शिवाय परदेशचें गिऱ्हाईक कोणासाठीं थांबून राहत नाहीं. आपलें दार बंद दिसलें कीं तें पाकिस्तान किंवा चीनकडे वळतें, आणि एकदां वळलेलें गिऱ्हाईक परत आणणें किती कठीण, हें कोणत्याही दुकानदारास विचारावें.

दिल्ली कांद्यास इतकी कां भिते? १९८० च्या लोकसभा निवडणुकींत कांद्याचा भाव प्रचारांत गाजला. १९९८ सालीं महाग कांद्यानें दिल्लीचें राज्य उलथण्यास हातभार लावला. तेव्हांपासून सत्तेवर कोणताही पक्ष असो, कांदा चढला कीं त्याच्या पोटांत गोळा उठतो.

येथें कोणी म्हणेल, शहरांतील गरिबानें महाग कांदा खावा काय? प्रश्न योग्य आहे, आणि तो आम्ही उडवून लावीत नाहीं. मुंबईच्या चाळींतून राहणारे हजारों कामकरी आपल्याच सातारा जिल्ह्यांतले आहेत. त्यांची चूल आपलीच आहे. पण त्यांस स्वस्त कांदा द्यावयाचा तर त्याचा खर्च साऱ्या देशाच्या तिजोरीनें सोसावा. एकट्या कांदेवाल्यावर तो बोजा कां? भाव चढल्यावर जो कायदा रातोरात जागा होतो, तो भाव पडल्यावर महिनेच्या महिने घोरत पडतो, यांत न्याय कोणता?

पडलेल्या भावाचा मासला फेब्रुवारी २०२३ मध्यें सर्व महाराष्ट्रानें पाहिला. एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारांत नेला. किलोस एक रुपया भाव मिळाला. भाडें, हमाली व तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा जाऊन हातीं राहिले २ रुपये ४९ पैसे! त्याबद्दल दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. पुढें राज्य सरकारनें क्विंटलमागें ३५० रुपये अनुदान दिलें. परंतु सात-बाऱ्यावर ज्याच्या कांद्याची नोंद नव्हती, त्याची तेथेंही अडचण झाली.

ज्यांचें मूळ गांव आपल्याच जिल्ह्यांतील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. अक्षरशून्य शेतकऱ्यास सावकार, कुळकर्णी व कचेरीतले कामगार कसे नागवितात हें त्यांनीं उघड करून दाखविलें. त्या वेळीं नागविणारा परका होता असें म्हणतां येत होतें. आज काय म्हणावें? १९६३ च्या कायद्यानें बाजार समित्या झाल्या. त्यांच्या खुर्च्यांवर आज बहुधा आपल्याच शेतकऱ्यांचीं मुलें बसतात. विधिमंडळांत तींच, सहकारी संस्थांत तींच. जात बदलली, खुर्चीवरचा माणूस बदलला. पट्टीचा हिशेब मात्र बदलला नाहीं. आपल्या माणसास निवडून दिलें म्हणजे आपलें राज्य आलें, ही समजूत आतां टाकून दिली पाहिजे. आपला माणूस तोच, जो आपल्या पट्टीचा जाब देतो.

आम्ही खेड्यांतील शाळेंत मुलें शिकविणारे. आमच्या हातीं तोफा नाहींत, खडू आहे. म्हणून आमची पहिली सूचना शाळेपासूनच. सातवीच्या मुलास सरळव्याज येतें, पण बापाच्या खिशांतील पट्टी वाचतां येत नाहीं, हें शिक्षण पांगळें होय. वजन, भाव, तोलाई, हमाली यांचें गणित प्रत्येक गांवच्या शाळेंत खऱ्या पट्टीवरून घालावें. भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें २०१६ सालीं ठरलें. ती दुसऱ्या नांवानें कापली जाते काय, हें ओळखणारा पोरगा घरोघर पाहिजे. दुसरी गोष्ट, पीकपाहणीची नोंद वेळेवर करावी व पट्ट्या जपून ठेवाव्या. पुराव्याशिवाय दाद मागतां येत नाहीं. तिसरी, बाजार समितीचे मतदार हे मुख्यतः सोसायटीचे पंच व ग्रामपंचायतीचे सभासद असतात. त्यांस निवडतां तुम्हीच! तेव्हां मत मागावयास येणारास भावकी विचारूं नका. लिलाव उघडा होतो काय, काटा तपासला जातो काय, गांवासाठीं सामाईक कांदाचाळ कधीं बांधणार, हें विचारा.

आणि दिल्लीस एकच मागणी असावी: बंदी घालावयाचीच असेल तर ती लागणीपूर्वीं जाहीर करा, आणि जसा वर चढणारा भाव अडवितां, तसा खालीं पडणाराही अडवा. रोप लावून झाल्यावर नियम बदलणें म्हणजे डाव अर्ध्यावर आल्यावर सोंगट्या हलविणें होय. शेतकरी बंधूंनो, हा डाव उघड्या डोळ्यांनीं पाहण्यास शिका. पट्टी तुमच्या नांवाची आहे. ती तुम्हीं नाहीं वाचली, तर तुमच्यासाठीं ती दुसरा कोणी वाचणार नाहीं.