निराधार संशोधन

तिरोडा तालुक्यातील गावांना हातात प्रश्नावली घेऊन येणारा विद्यार्थी आता नवा राहिलेला नाही. कोणी माजी मालगुजारी तलावांचा अभ्यास करतो, कोणी धानशेतीच्या अर्थकारणाचा, तर कोणी ३३०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे पालटलेल्या ग्रामजीवनाचा. ही जिज्ञासा स्वागतार्ह आहे. मोठ्या शहरांविषयी पुष्कळ लिहिले गेले; वैनगंगेच्या काठच्या या मुलखाकडे अभ्यासकांची दृष्टी वळावी, हे उचितच होय. परंतु या अभ्यासातून निपजणाऱ्या शोधनिबंधांची पाने उलटू लागले की एक साधा प्रश्न मनात वारंवार उभा राहतो: हे कशावरून? ‘अनेक विद्वानांच्या मते’, ‘शासकीय आकडेवारीनुसार’, ‘अभ्यासाअंती असे दिसून येते’ अशी वाक्ये जागोजागी भेटतात. पण ते विद्वान कोण, ती आकडेवारी कोणत्या वर्षाची, अभ्यास कोणी व कोठे केला, याचा पत्ता लागत नाही. शेवटी जोडलेली ग्रंथसूची लांबलचक असते, आणि तिच्यातील कोणत्या ग्रंथाचा कोणत्या विधानाशी संबंध आहे हे मात्र लेखकालाच ठाऊक. कित्येकदा त्यालाही नाही.

ही केवळ टापटिपीची उणीव आहे, असे कोणी समजू नये. आधार न दिल्याने सत्य कसे बदलते, याचे उदाहरण येथेच आहे. १९९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती. २००१ च्या जनगणनेत ती साडेअकरा लाखांच्याही आत आली. दहा वर्षांत निम्मा जिल्हा ओस पडला काय? नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, इतकेच. जो लेखक ‘भंडारा जिल्हा’ एवढेच लिहितो, वर्ष आणि अहवाल सांगत नाही, तो नकळत असत्य लिहितो. तिरोड्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळी भंडारा जिल्ह्यात भंडारा, तिरोडा व साकोली अशा तीनच तहसिली होत्या आणि गोंदिया हे गाव तिरोडा तहसिलीत मोडत होते. आज गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत व तिरोडा हा त्यांपैकी एक. जुन्या गॅझेटियरमधील ‘तिरोडा’ आणि आजचा तिरोडा हे नावाने एक असले तरी विस्ताराने एक नव्हेत. जुना आकडा उचलून आजच्या आकड्याशेजारी ठेवला की निष्कर्ष निघतो, पण तो हवेतला.

नावाची गोष्टही तशीच. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट ज्या तिरोडी गावी सापडला, ते गाव बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे आज मध्य प्रदेशात आहे. तिरोडी आणि तिरोडा यांत अंतर एका मात्रेचे! मूळ वाचनाचा निर्देश केला तर वाचक स्वतः पडताळा घेऊ शकतो. केला नाही, तर एका लेखणीची चूक दहा लेखण्यांतून ‘इतिहास’ होऊन बाहेर पडते.

तलावांच्या बाबतीत तर हा प्रश्न लोकांच्या पोटापाण्याशी भिडतो. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजार की सात हजार, हे ज्याच्या त्याच्या लिहिण्यावर अवलंबून असते. गणना कोणत्या वर्षाची, जिल्हा परिषदेकडील लहान तलाव तीत धरले की नाहीत, गाळाने भरून शेत झालेले तलाव वगळले काय, हे सांगितल्यावाचून त्या आकड्यास अर्थ नाही. तरीही असे आकडे निबंधातून अहवालात, अहवालातून योजनेत आणि योजनेतून अंदाजपत्रकात जातात. ज्या तलावाची नोंदच झाली नाही, त्याचा गाळ कोण काढणार? आणि त्याच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्याने व मासे धरणाऱ्या ढिवराने दाद कोणाकडे मागायची?

आधार देण्याची शिस्त परक्या देशातून आली, असाही एक समज आहे. तो खरा नव्हे. निराधार काही लिहिणार नाही आणि अनपेक्षित काही बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा करूनच टीकाकार मल्लिनाथ लिहावयास बसला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे तिचे २२ खंड झाले. आधी अस्सल कागद लोकांपुढे ठेवावा, मग त्यावर मत द्यावे, हा त्यांचा दंडक होता. त्यांची कित्येक मते पुढील पिढीने खोडून काढली; पण ती खोडता आली, कारण कागद समोर होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचताना डॉ. आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांची मते एकेक करून नावानिशी मांडली, तपासली आणि मग आपले मत सांगितले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. दुसऱ्याचे नाव घेतल्याने आपली बुद्धी उणी ठरते, असे ज्यांना वाटते त्यांनी तो निबंध अवश्य वाचावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही, ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द, अशी ही श्रेणी आहे. नियम आवश्यक होते. परंतु यंत्र शब्दांचे साम्य मोजते, प्रामाणिकपणा मोजत नाही. वाक्यातील शब्द फिरवून आधार गाळला, तर यंत्र त्यास निर्दोष ठरविते. आता तर दुसरेच संकट उभे आहे. मागितले की निबंध लिहून देणारी यंत्रे अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे, पृष्ठांकांसह, निर्देश देतात. अशाच यंत्राने रचलेले बनावट निवाडे न्यायालयापुढे ठेवल्याबद्दल २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला ५००० डॉलर दंड झाला. तेथे निवाडे शोधून पाहणारे कोणी तरी होते. आपल्याकडे प्रबंधातील निर्देश उघडून पाहणारे परीक्षक किती आहेत?

कागदाइतकाच माणसांचाही आधार असतो. तलावातील मासे आणि पाणवनस्पती यांचे ज्ञान पुस्तकांपूर्वी ढिवरांच्या घरी होते. ते ऐकून घेणारा अभ्यासक आपल्या निबंधात ‘क्षेत्रीय पाहणीवरून’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो. सांगणारा मात्र अनामिक राहतो. इंग्रज ग्रंथकाराचे नाव पृष्ठांकासह द्यावयाचे आणि गावच्या जाणत्याचे गाळावयाचे, हा कोणता न्याय? त्याची संमती असेल तर नाव द्यावे; नावामुळे त्यास उपद्रव होण्याचा संभव असेल तर ते झाकावे. परंतु केव्हा, कोठल्या भागात, किती जणांशी बोलणे झाले, हे सांगण्यास कोणतीच अडचण नसते.

तालुक्याच्या गावी ग्रंथालये तोकडी आहेत, ही तक्रार खरी आहे. तथापि ‘शोधगंगा’वर देशभरातील प्रबंध आज घरबसल्या वाचता येतात, तेव्हा साधनांचा अभाव ही सबब पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. निर्देशाची पद्धत कोणती, स्वल्पविराम कोठे, यावरून विद्यार्थ्यास छळण्याचेही कारण नाही. कोणी, कोठे, केव्हा आणि कोणत्या पृष्ठावर म्हटले, ही चार उत्तरे मिळाली की पुरे.

विद्यापीठांना आमची सूचना साधी आहे. मौखिक परीक्षेत परीक्षकाने कोणतेही पाच निर्देश निवडावेत आणि उमेदवाराने त्यांचे मूळ तेथेच दाखवावे. ते दाखविता न आल्यास प्रबंध परत जावा आणि मार्गदर्शकालाही जाब विचारला जावा. ज्या गावाचा अभ्यास केला, त्या गावच्या वाचनालयात प्रबंधाची एक प्रत ठेवावी, म्हणजे आपल्याविषयी काय लिहिले हे गावालाही तपासता येईल. ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ या शब्दांचा आसरा आम्ही वृत्तपत्रेही गरजेपेक्षा अधिक घेतो. हा दोष आमच्याही पदरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

प्राथमिक शाळेत गणिताचे उत्तर बरोबर आले तरी रीत लिहिली नसेल, तर मास्तर पूर्ण गुण देत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाकडून जी अपेक्षा आपण करतो, ती आचार्यपदवी मागणाऱ्याकडून करण्यास संकोच कशाला?