भिंतीशी उभे शिक्षक
जपानी शाळांच्या भेटीत मुलांनी वर्ग झाडणं, एकमेकांना जेवण वाढणं आवर्जून दाखवतात; तेही सुंदरच. माझं मन मात्र ‘ज्युग्यो केंक्यू’त, म्हणजे शिक्षकांनी मिळून केलेल्या पाठाच्या अभ्यासात, गुंतलं. एक शिक्षिका पाचवीला अपूर्णांक शिकवत होत्या आणि बाकीचे शिक्षक भिंतीशी उभं राहून मुलांच्या वह्यांत डोकावत टिपणं काढत होते. शाळा सुटल्यावर चर्चा रंगली: कोणतं मूल कुठे अडलं, प्रश्न वेगळा विचारला असता तर? मेईजी काळापासूनची ही पद्धत. आपल्याकडे वर्गात मागे कुणी बसलं, की तपासणीच वाटते! केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एक तरी तास असा खऱ्या मुलांसमोर व्हावा. त्याला पैसा लागत नाही; मुख्याध्यापकांना वेळापत्रकात जागा काढून द्यावी लागते.