टी-शर्ट बरोबर, हेतू चूक!

आपल्या आयुष्यावर सिनेमा आला आणि त्यात आपणच व्हिलन निघालो, तर काय करायचं? मार्क झुकरबर्गवर ही वेळ २६ व्या वर्षी आली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ‘द सोशल नेटवर्क’ रिलीज झाला. त्यातला मार्क गर्लफ्रेंडने सोडल्याच्या रागात कोडिंगला बसतो, कंपनी मोठी होताच जवळच्या मित्राला बाजूला सारतो आणि शेवटी लॅपटॉपसमोर एकटाच उरतो.

खऱ्या मार्कने काय केलं? ऑफिसातल्या लोकांना घेऊन थिएटर गाठलं आणि सिनेमा पाहिला. नंतर स्टॅनफर्डमधल्या एका जाहीर कार्यक्रमात विषय निघाला, तेव्हा त्याने सांगितलं की कपडे मात्र त्यांनी अगदी बरोबर पकडलेत, पडद्यावरचे सगळे टी-शर्ट माझ्याकडे खरंच आहेत. चुकलंय ते कारण. मुलींवर इंप्रेशन मारायला किंवा भारी क्लबात शिरायला फेसबुक बनवलं, हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. प्रिसिला चॅन, जिच्याशी त्याने पुढे लग्न केलं, तिची त्याच्याशी ओळख फेसबुकच्या आधीची, आणि सिनेमात तिचा पत्ताच नाही. २०११ च्या जानेवारीत तो ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मध्ये आपली भूमिका करणाऱ्या जेसी आयझेनबर्गच्या शेजारी उभा राहून हसलाही. पण २०१४ मध्ये पुन्हा कुणीतरी विचारलंच, तेव्हा त्याने कबूल केलं की सिनेमात मनाने रचलेल्या काही गोष्टी लागल्या होत्या.

टी-शर्ट बरोबर, हेतू चूक. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं आणि त्याची बाजूही पटते. जिवंत माणसाच्या मनात काय चाललं होतं हे दुसऱ्याने ठरवायचं आणि जगाने पॉपकॉर्न खात ते खरं मानायचं, हे कुणालाही लागेल. पण टेक कंपन्यांच्या फाउंडर मंडळींनी स्वतःवरच्या सिनेमांना दिलेली उत्तरं एकापुढे एक ठेवली, की एक गंमत दिसते. खोटं लागलं की ते बोलतात. खोटं गोड असलं की बहुतेक जण हसून सोडून देतात. आणि बारामती-इंदापूरला राहून स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्या आपल्यासारख्यांना जास्त महाग पडतं ते हे गोड खोटं.

ॲपलचंच बघा. १९९९ मध्ये ‘पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली’ नावाची टीव्ही फिल्म आली. त्यातला स्टीव्ह जॉब्स हुशार आहे, पण माणसांशी फार वाईट वागतो. जॉब्सने त्याच वर्षी मॅकवर्ल्डच्या स्टेजवर थेट त्या नटालाच, नोआ वायलीला, आपल्यासारखे कपडे घालून पाठवलं. लोकांना आधी वाटलं जॉब्सच आला. मग खरा जॉब्स आला, हशा-टाळ्या झाल्या. सिनेमात काय खरं, काय खोटं यावर बोलायची वेळच त्याने येऊ दिली नाही, उलट सगळ्याची फुकटात जाहिरात करून घेतली. याला म्हणतात मार्केटिंग!

त्याचा जोडीदार स्टीव्ह वॉझ्नियॅक मात्र बोलला. जॉब्सच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये ॲश्टन कुचरचा ‘जॉब्स’ आला. तो वॉझ्नियॅकला आवडला नाही. आपल्या ओळखीच्या बऱ्याच लोकांना चुकीचं दाखवलंय, याचं त्याला वाईट वाटलं. दोन वर्षांनी डॅनी बॉइलचा ‘स्टीव्ह जॉब्स’ आला. त्यात एक सीन आहे. वॉझ्नियॅक भर सभागृहात जॉब्सला म्हणतो, ॲपल टू बनवणाऱ्या टीमचं नाव तरी घे. जॉब्स घेत नाही. खऱ्या वॉझ्नियॅकने नंतर सांगितलं की मी असं कधी बोललोच नाही, पण सिनेमा त्याला आवडला. या सिनेमाचा तो मानधन घेतलेला सल्लागार होता, हेही विसरून चालणार नाही. तरी मला त्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. घटना खोटी होती, पण ज्यांची नावं राहून गेली त्यांचा प्रश्न त्यात खरा होता.

आता जरा आपल्याकडे येऊ. ‘सरफिरा’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०२४ च्या जुलैमध्ये आला होता. अक्षय कुमार म्हणजे महाराष्ट्रातल्या खेड्यातला वीर म्हात्रे. सामान्य माणसाला विमानात बसवायचं म्हणून तो झपाटलेला. दिग्दर्शिका सुधा कोंगरा यांनीच २०२० मध्ये सूर्याला घेऊन केलेल्या ‘सूरराई पोट्रू’ या तमिळ सिनेमाचा हा रिमेक. आणि दोन्हींच्या मुळाशी आहेत एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन जी. आर. गोपीनाथ, कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. म्हणजे माणूस कन्नड, पहिला सिनेमा तमिळ आणि दुसऱ्यात तो झाला मराठी!

‘सूरराई पोट्रू’ पाहून गोपीनाथ यांनी सोशल मीडियावर लिहिलं होतं. सिनेमात कल्पनेचा भाग भरपूर आहे हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, पण आपल्या पुस्तकाचा गाभा त्यांना तिथे सापडला. घरचे सीन बघताना हसू आलं आणि रडूही. पत्नी भार्गवी यांच्यावर बेतलेली, स्वतःची बेकरी चालवणारी नायिका तर त्यांना फारच आवडली. खेड्यातल्या बायका स्वतःच्या बळावर उद्योजक होऊ शकतात, हे त्यातून दिसतं असं त्यांचं म्हणणं. हे उत्तर झुकरबर्गपेक्षा दिलदार आहे, यात वादच नाही.

पण त्या ‘भरपूर कल्पना’मध्ये नेमकं काय काय आहे, हे आपण कधी तपासतो का? पडद्यावरचा हिरो हवाई दलातला, खरे गोपीनाथ लष्करातले. लष्कर सोडल्यावर त्यांनी गावाकडे शेती केली. विमान कंपनीच्या आधी त्यांची भाड्याने हेलिकॉप्टर देणारी कंपनी होती आणि त्यात कॅप्टन के. जे. सॅम्युएल हे भागीदार होते. म्हणजे २००३ मध्ये एअर डेक्कनचं विमान उडालं तेव्हा हवाई धंद्याचा काही वर्षांचा अनुभव गाठीशी होता. २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या ग्रुपने त्यात मोठा हिस्सा घेतला, पुढे ती किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. सिनेमा संपतो तो मात्र विमानातून उतरणाऱ्या सामान्य माणसांच्या आनंदावर. डोळे आपलेही भरून येतात. ते खोटं नाही. एक रुपयाचं तिकीट खरंच निघालं होतं आणि कधी विमान न पाहिलेली माणसं खरंच विमानात बसली होती. फक्त त्याच्या आधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं कापलेली आहेत.

कुणी म्हणेल, सिनेमा आहे तो, डॉक्युमेंटरी नाही. प्रेरणा मिळाली ना, मग झालं! ‘सोशल नेटवर्क’मध्ये ज्या मित्रावर अन्याय झालेला दिसतो, त्या एदुआर्दो सावेरिननेही साधारण हेच लिहिलं होतं, की हे मनोरंजन आहे, वस्तुस्थिती नव्हे. मान्य. पण त्याच्याकडे तोवर फेसबुकचे शेअर होते. सिनेमाला मनोरंजन म्हणणं त्याला परवडतं.

आपलं गणित वेगळं आहे. ‘सरफिरा’मध्ये अख्खं गाव वर्गणी काढून हिरोच्या पाठीशी उभं राहतं. आपल्याकडे पैसा येतो तो पतसंस्थेतून, मामाकडून हातउसना, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवून. समजा, भवानीनगर किंवा लासुर्ण्याच्या एखाद्या मुलाने थर्ड इयरला कॉलेज सोडलं, ‘झुकरबर्गनेही सोडलं होतं’ असं घरी सांगितलं आणि ॲप बनवायला घेतलं. झुकरबर्गने सोडलं ते हार्वर्ड होतं. वडील डेंटिस्ट होते, कंपनी चालू झालेली होती आणि गुंतवणूक करणारे दारात उभे होते. यातलं आपल्याकडे काय आहे? ॲप फसलं तर त्याच्यावर सिनेमा निघणार नाही. हप्ते मात्र दर महिन्याला निघतील. मी धंदा करू नका म्हणत नाहीये. करा, जरूर करा. फक्त कापलेली रीळं मागून घ्या.

कापलेल्या रीळांचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. मी तर त्यांना टेक फाउंडरच म्हणेन. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकले, कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आणला. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ चा. सुंदर सिनेमा आहे. फिल्म धुण्यापासून सगळ्यांचा स्वयंपाक करण्यापर्यंत राबणाऱ्या सरस्वतीबाई त्यात मनापासून दाखवल्यात, हे विशेष. पण तोही थांबतो यशाच्या टप्प्यावर. पुढे भागीदारांशी झालेले मतभेद, बोलपट आल्यावर मागे पडणं आणि १९४४ मध्ये नाशिकला झालेला अंत हा भाग त्यात नाही. आणि दादासाहेब ‘हेतू बरोबर, पण शेवट राहिला’ असं सांगायला येऊ शकत नाहीत.

उद्या कुणी वालचंद हिराचंद यांच्यावर सिनेमा काढला, तर हाच प्रश्न आपल्या दारात येईल. बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शनजवळ आत वळलं की वालचंदनगर. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या या माणसाच्या आयुष्यात सिनेमाचा मसाला ठासून भरलाय. १९१९ मध्ये इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून ‘एस. एस. लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. १९३९ मध्ये प्रवासात पॉली नावाचा अमेरिकन विमान व्यावसायिक भेटला आणि पुढच्याच वर्षी बेंगळुरूमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. विमानातली ती भेट तर इंटरव्हलच्या आधीचा सीन! मग १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली, हे दाखवणार की विमान उडालं तिथेच पडदा पाडणार? वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यामुळे सिनेमा आवडला की नाही, हे ते सांगणार नाहीत. पण इस्रोच्या रॉकेटचे भाग आजही त्यांच्या नावाच्या या गावात बनतात, चांद्रयान-३ साठीही बनले. त्या शॉपफ्लोअरवर आयुष्य घालवलेल्या माणसांची नातवंडं आपल्या बाकावर बसतात. सिनेमा आला तर पहिली प्रतिक्रिया त्या आजोबांची घ्यायला हवी. ते पडद्यावर कुठे दिसले, की नुसते गर्दीत होते?

हे फक्त जुन्या लोकांपुरतं नाही. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी एआय वापरण्याचा जो प्रयोग चाललाय, त्याचं कौतुक मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी केलं. एखाद्या ओटीटीला यात उद्या कथा दिसली तर नवल नाही. तेव्हा कॅमेरा कुणावर असेल? परदेशातल्या लॅबमधल्या हुशार माणसावर, की मोबाइलवर आलेला मेसेज वाचून पाणी सोडावं की नाही हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यावर? मेसेज चुकला तर ऊस त्याचा जाणार आहे.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आपल्या कॉलेजांत ई-सेलवाले उद्योजकता सप्ताहात असे सिनेमे दाखवतात. दाखवावेत, मजा येते. फक्त सिनेमा संपल्यावर टाळ्या वाजवून घरी जायचं नाही. त्या फाउंडरने सिनेमावर काय हरकत घेतली आणि कशावर तो गप्प बसला, हे शोधून कुणीतरी पाच मिनिटं सांगावं. भागीदार कोण होते, पहिले पैसे कुणाचे होते आणि सिनेमा संपल्यानंतर कंपनीचं काय झालं, हेही फळ्यावर लिहावं. आणि पाहुणा म्हणून एमआयडीसीतल्या अशा एकाला बोलवावं, ज्याचं युनिट एकदा बंद पडलं आणि ज्याने कर्ज फेडून पुन्हा शटर उघडलं. त्याच्यावर सिनेमा आलेला नसेल, पण आपण विचारू त्या हिशोबाचं उत्तर तो आकड्यांत देईल.